सात घरच्या चिंध्या

“माणसाची खरी किंमत कळते ती उरलेल्याचं तो काय करतो यावरून. रोमचं राज्य एवढं मोठं, पण बुडालं. का बुडालं? उरलेल्याकडं लक्ष दिलं नाही म्हणून बुडालं.”

हा सिद्धांत अर्जुना उबाळे यांनी एकोणीसशे सहासष्ट सालच्या जानेवारीत, पोवई नाक्याच्या उतारावरच्या आपल्या शिलाईच्या दुकानात, हातात कात्री धरून मांडला. ऐकायला एकटे पेन्शनर सुभेदार मानसिंगराव होते. त्यांनी सिद्धांत शेवटपर्यंत ऐकून घेतला, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि विचारलं, “मास्तर, रोमचं असू द्या. माझ्या विजारीचा दुसरा पाय कुठाय?”

दुसरा पाय अजून कापायचा होता.

अर्जुना उबाळ्यांना सगळी पेठ ‘मास्तर’ म्हणायची. काही लोक ‘हवालदार’ही म्हणायचे. पलटणीत सतरा वर्षं शिपायांचे गणवेश शिवून ते घरी आले ते नाईक म्हणून. पण साताऱ्याची हवाच अशी आहे, की पेन्शनीत आलेल्या माणसाला इथले लोक दर दोन-तीन वर्षांनी आपल्या अधिकारात एकेक बढती देत राहतात. मानसिंगराव मुळात सुभेदार होते की जमादार, हेही खात्रीनं फक्त मानसिंगरावांनाच माहीत होतं, आणि ते त्या विषयावर बोलत नसत.

मास्तरांचा हात चांगला होता, पण त्यांची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. शिंपी म्हटला की कापडातला वीतभर, हातभर तुकडा त्याच्याकडं राहायचाच. गिऱ्हाईक ते धरूनच कापड आणतं आणि शिंपी ते धरूनच कापतो. यात कुणाला कुणाचा राग नसतो. मास्तर मात्र उरलेला बोट-बोट तुकडा गोळा करायचे, घडी घालायचे, दोऱ्यानं बांधायचे आणि नावाची चिठ्ठी लावून कपड्याबरोबर परत द्यायचे. गिऱ्हाइकं गोंधळून जायची. शेजारच्या गल्लीतल्या बायडाबाईला पहिल्यांदा असं पुडकं मिळालं, तेव्हा तिला वाटलं की मास्तरांनी चोळी न शिवताच कापड परत केलं. ती दुकानात येऊन अर्धा तास भांडली. चोळी तिच्या काखेतच होती.

या प्रामाणिकपणाचं मूळ जुनं होतं, आणि ते मास्तर कुणाला सांगत नसत. कोरेगावाकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या बापाला वर्षाकाठी जे कापड मिळायचं ते मढ्यावरचं. गावात कुणी गेलं की त्याच्यावरचं धोतर नाहीतर लुगडं सरणाच्या आधी बाजूला टाकलं जाई, आणि बाप ते उचलून आणी. अर्जुनाची पहिली बंडी कुणा पाटलिणीच्या लुगड्याची होती. त्या पाटलीणबाईंना त्यानं जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं, पण बंडी फाटेपर्यंत त्यांची भीती वाटत असे. पलटणीत भरती होईस्तोवर जिवंत माणसानं दिलेलं कापड त्याच्या अंगाला लागलंच नाही.

छप्पन साली सगळ्यांबरोबर त्यांनीही धम्म घेतला. रंगूबाईनं घरातले देव कृष्णेत सोडले. बावीस प्रतिज्ञा सगळ्यांनी घेतल्या, त्यांच्यापुढची तेविसावी मास्तरांनी एकट्यानं, मनातल्या मनात घेतली: दुसऱ्याचं उरलेलं या घरात यायचं नाही. आणि मागून तर नाहीच नाही.

ती त्यांनी दहा वर्षं पाळली. त्यामुळं सगळ्या सातारा जिल्ह्यात ज्याच्या दुकानात एकही चिंधी सापडणार नाही असा शिंपी एकच होता, आणि नेमक्या त्याच्याच घरात त्या वर्षी चिंध्यांची गरज पडली.

अंजना ही मास्तरांची एकुलती मुलगी. आटपाडीला दिलेली. जावई धनाजी तिथल्या शाळेत मास्तर होता, म्हणजे खरा मास्तर. पहिला मुलगा झाला, तो नऊ दिवस राहिला. दुसरा झाला, तो एक महिना अठरा दिवस राहिला. तिसऱ्या खेपेला सातवा लागला तसं धनाजीनं तिला म्हसवड, दहिवडी करत एस.टी.नं साताऱ्याला आणून सोडलं. पाणी पिऊन तो उलट्या गाडीनं निघाला. जाताना सासऱ्याला एवढंच म्हणाला, “आण्णा, ह्या वेळंला दवाखान्यात न्या.”

“दवाखान्यात तर नेऊच,” तो गेल्यावर रंगूबाई म्हणाली. “पण सात घरं बी मागायची. घरटी एक चिंधी. त्याचं झबलं करायचं.”

“कशापायी?” मास्तरांना ठाऊक होतं, तरी त्यांनी विचारलं.

“मागून आणलेल्या कापडातलं पोर नदरंत भरत न्हाई. न्यायला येणाऱ्याला वाटतं, ह्याला कोण न्हाई, भिकाऱ्याचं दिसतंय. ह्याला नेऊन काय करायचं?”

“न्यायला कोण येतं?”

“दोनदा येऊन गेलं की.”

मास्तरांनी घसा साफ केला. घसा साफ केला की भाषण येणार, हे रंगूबाईला तीस वर्षांच्या संसारातनं कळलेलं होतं. तिनं तांदूळ निवडायला घेतले.

“रंगू, आपण देव सोडलं.”

“सोडलं की. नातवंडं कवा सोडली? आणि ह्यात देव कुठं हाय, दावा मला. नुसती चिंधी हाय.”

“मागायची हाय नव्हं?”

“व्हय. मागायची.”

“मग तिथंच सगळं आलं.”

“काय आलं?”

काय आलं ते मास्तरांना सांगता आलं नाही. माझा बाप, मढं, लुगडं, बंडी असं सगळं घशापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. ते उठून दुकानात गेले. ठेवणीतली पांढरी पॉपलीन काढून त्यांनी दोन दिवसांत पाच झबली शिवली, गळ्याला बारीक साखळी टाका घातला. पाचही झबली रंगूबाईपुढं मांडली. तिनं एकेक उचलून उजेडात धरलं.

“लय गोजिरवाणी झाल्यात,” ती म्हणाली. “आधीच्या दोघांना बी नवीच शिवली हुती तुमी.”

झबली तिनं नीट घडी घालून पेटीत ठेवली आणि तो विषय नंतर आठ दिवस काढला नाही. मास्तरांना भांडण परवडलं असतं.

नवव्या दिवशी दुपारी भाकरी घेऊन अंजना दुकानात आली. बापाचं जेवण होईस्तोवर ती मशीनजवळच्या स्टुलावर टेकली. दुकानात इकडंतिकडं बघत बसली. फळीखाली बघितलं, मशीनच्या पायाशी बघितलं.

“आण्णा, दुकानात एक बी चिंधी न्हाई व्हय?”

“एक बी न्हाई,” मास्तर अभिमानानं म्हणाले. “ज्याचं त्याला परत देतो.”

“बरं.” ती थोडी थांबली. “आई म्हणती, दुसऱ्या शिंप्याच्या दुकानात पोतं भरून असत्यात. सात काय, सत्तर घरची. तसं असतं तर एका दारात मागून भागलं असतं.”

“ती चोरीची असत्यात, पोरी.”

“असतील,” अंजना म्हणाली. तिनं डबा गोळा केला, स्टुलाला धरून उठली आणि पायरी उतरली. उतरणीला लोक भरभर चालतात. ती एक हात कमरेवर ठेवून, एकेक पाऊल बघून टाकत चालली होती, डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर असावी तशी. मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी कात्री खुंटीला अडकवली आणि दुकान बंद केलं.

मास्तर निघाले खरे, पण मागायला म्हणून नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते, की कुठलंही अवघड काम तपासणी म्हणून केलं की सोपं होतं. ते सात गिऱ्हाइकांच्या दारात गेले आणि म्हणाले, “मागं दिलेला उरलेला तुकडा जरा द्या. रंग जातोय का ते तपासायचंय.”

“आणि जात असला तर?” बायडाबाईनं विचारलं. “अंगावर शिवल्यावर तपासताय व्हय?”

“तक्रार आली हुती.”

“कुणाची?”

मास्तरांना खोटं बोलायची सवय नसल्यामुळं नाव सुचलं नाही. बायडाबाईनं फडताळातनं पुडकं काढून दिलं आणि ते पाठमोरे झाल्यावर शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आलं बाई मास्तर वळणावर. आधी साळसूदपणानं द्यायचं, मग हळूच न्यायचं. ही नवी तऱ्हा.”

दोन दिवसांत ती बातमी पेठभर झाली. आश्चर्य असं की कुणाला वाईट वाटलं नाही. उलट लोकांना हायसं वाटलं. त्या आठवड्यात दोन नवी गिऱ्हाइकं आली. इतक्या प्रामाणिक माणसाला माप द्यायला त्यांना आजवर अवघड वाटत होतं.

मास्तरांनी सात तुकडे रंगूबाईच्या ओंजळीत घातले. तिचे डोळे भरून आले. पण ती बाई पक्की होती.

“काय म्हणून आणलं?”

“आणलं की.”

“मागितलं का?”

“तपासायला म्हणून…”

“मग ही वसुली झाली,” रंगूबाई म्हणाली. “मागितलेलं न्हवं. परत देऊन या.”

उरलेलं कापड एकदा परत देणारा शिंपीच लोकांनी पाहिला नव्हता. तेच कापड दोनदा परत देणारा पाहून पेठेनं मास्तरांबद्दल विचार करणंच सोडून दिलं. शेवटचं पुडकं देऊन मास्तर घरी आले, चूळ भरली आणि चुलीकडं पाठ करून विचारलं, “मागायचं म्हंजी काय म्हणायचं असतं?”

रंगूबाई सावकाश म्हणाली, “‘बाळासाठी चिंधी वाढा माय.’ एवढंच. उपरण्याचा पदर पसरायचा.”

‘वाढा’ हा शब्द मास्तरांना शिकावा लागणार नव्हता. त्यांची आई रोज दिवस मावळायच्या आधी टोपली घेऊन गावात जायची, आणि प्रत्येक उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहून तोच शब्द म्हणायची. तो विसरायला त्यांना सतरा वर्षांची पलटण आणि दहा वर्षांचा धम्म लागला होता. तो विसरला गेलाय असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते बायडाबाईच्या दारात उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली.

“आता काय तपासायचंय?” बायडाबाई म्हणाली.

मास्तरांनी उपरणं पसरलं. “बाळासाठी चिंधी वाढा माय,” ते म्हणाले.

बायडाबाईकडं आजवर प्रत्येक बोलण्याला उत्तर होतं. त्या सकाळी मात्र ती आत गेली. आतनं फडकन कापड फाटल्याचा आवाज आला. बाहेर आली ती हिरव्या खणाचा तुकडा घेऊन; नव्या चोळीचा होता, अजून घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं तो उपरण्यात दोन्ही हातांनी ठेवला.

“आंजीसाठी हाय व्हय?” ती हळू म्हणाली. “मास्तर, आधी सांगायचं हुतंत. मी बाई काय काय बोलले.”

“रंग जातोय का तेवढं मी बघतो,” मास्तर म्हणाले आणि पुढच्या घराकडं वळले.

पाच घरं झाली. शब्द काही सोपा होत गेला नाही, पण पाय चालत राहिले. कुणी निळ्या चिटाचा तुकडा दिला, कुणी पांढऱ्या मांजरपाटाचा, कुणी परकराची किनार. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. मास्तरांच्या मनात येऊ लागलं, की जग बदललंय, आपणच उगाच दहा वर्षं जुन्या जगाशी भांडत बसलो.

सहावं घर मानसिंगरावांचं. ते सोप्यात आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मास्तर पायरीपाशी उभे राहिले आणि त्यांनी शब्द उच्चारला, तसे मानसिंगराव पेपर टाकून उभेच राहिले. वरचा अधिकारी आल्यावर उठतात तसे.

“उबाळे, असं काय गड्या? वर या. बसा. चहा घ्या.” मग आत वळून, “आई, मास्तरांना एखादा तुकडा दे गं. बाळासाठी मागत्यात.”

मानसिंगरावांची आई ऐंशीच्या पुढची. डोळ्यांत फूल पडलेलं. भिंत चाचपत ती बाहेर आली. कोण आलंय हे तिला दिसत नव्हतं, पण मास्तरांचा ‘वाढा माय’ तिनं आतनं ऐकला होता, आणि तो सूर तिला चांगला ओळखीचा होता. तिच्या हातात जुन्या लुगड्याची पट्टी होती. ती उंबऱ्यापाशी थांबली, हात खांद्याएवढा उंच केला आणि वरनं पट्टी सोडून दिली.

ती उपरण्यात पडली नाही. पायरीवर पडली.

“आई, आगं हातात दे की,” मानसिंगराव म्हणाले.

“दिलं की,” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. ती आयुष्यभर अशीच देत आली होती.

मानसिंगराव उचलायला वाकले. पण मास्तर त्यांच्या आधी वाकले होते. त्यांच्या पाठीला या कामाचा जुना सराव होता.

“म्हातारीला दिसत न्हाई, उबाळे,” मानसिंगराव जमिनीकडं बघत म्हणाले.

“व्हय, साहेब.”

“वर या. चहा झालाय.”

मास्तर वर गेले. खुर्चीवर बसून त्यांनी चहा पूर्ण प्याला. शेवटी मानसिंगरावांनी विचारलं, “साखर बरी हाय का?” आणि मास्तर म्हणाले, “बरी हाय.”

सातवं घर पुढच्या वळणावर होतं. तिथं शालूबाई नावाची बोहारीण राहायची. घरभर जुन्या कपड्यांचे ढीग. आनंदानं दिलं असतं तिनं. मास्तर वळणापर्यंत गेले आणि थांबले. शालूबाई दारातच भांडी घासत होती. तिनं वर बघितलं, हसली, म्हणाली, “काय मास्तर?” आणि मास्तर म्हणाले, “काय न्हाई. असंच.” आणि परत फिरले.

पाय पुढं गेलेच नाहीत.

ते दुकानात आले. लोखंडी पेटी उघडली. पलटणीतला खाकी शर्ट डांबराच्या गोळ्यांत घडी घालून ठेवलेला होता. त्यांनी त्याच्या मागच्या शेपटातनं चौकोनी तुकडा कापला. कापताना त्यांनी स्वतःशी पक्का युक्तिवाद केला. हा शर्ट आपला कुठाय? सरकारचा. सरकार हेही एक घरच. आणि मागितल्याशिवाय सरकारनं तो दिला नव्हता; त्यासाठी तीन प्रतींत अर्ज भरला होता. म्हणजे सातही घरं मागून झाली, त्यातलं एक तर तीनदा.

“ही खाकी कुणाची?” रंगूबाईनं विचारलं.

“सरकारी हाय,” मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं. साताऱ्यात दर तिसऱ्या घरात खाकी असते. रंगूबाईनं पुढं विचारलं नाही. तिनं सात मोजल्या आणि पदरानं डोळे पुसले.

आयुष्यात मास्तरांनी कॅप्टनांचे, मेजरांचे कपडे शिवले, पण त्या झबल्याएवढा वेळ कशालाच लागला नाही. सात चिंध्या, सात तऱ्हा. खण आकसणारा, मांजरपाट ताणणारा, लुगड्याची पट्टी सुईच्या नुसत्या धाकानं उसवणारी. शिवणी त्यांनी बाहेरच्या बाजूला घेतल्या, बाळाला आतनं टोचू नयेत म्हणून. गुंडी लावली नाही, बंद लावले. खाकी तुकडा कुठं घ्यावा यावर बराच विचार केला आणि तो छातीवर डाव्या बाजूला घेतला, शिपायाची पदकं असतात तिथं. झबलं तयार झालं तेव्हा ते वीतभर होतं, आणि त्यात सरळ रेष एकही नव्हती.

मार्चच्या शेवटी दवाखान्यात मुलगी झाली. झबलं बघून नर्सबाई म्हणाल्या, “हे काय गाठोडं आणलंय? उकळून आणा आधी.” उकळल्यावर सात घरं त्यात राहतील की जातील, अशी रंगूबाईला शंका होती. मास्तरांनी स्वतः पातेल्यात घालून उकळलं, इस्त्री केली आणि नेऊन दिलं. नावावरनं थोडी ओढाताण झाली. मास्तरांनी ‘विशाखा’ ठेवलं. रंगूबाईला ‘भिकी’ हवं होतं. शेवटी कागदावर विशाखा आणि घरात भिकी असं ठरलं, आणि भिकी म्हणून हाक मारली की मुलगी बघायची, विशाखा म्हटलं की झोपायची.

नऊ दिवस झाले. पोर राहिली. महिना झाला. मग महिन्यावरचा अठरावा दिवस आला. त्या दिवशी घरात कुणी तारखेचं नाव काढलं नाही. रंगूबाईची भाकरी करपली. मास्तरांनी एकाच गिऱ्हाइकाचं माप तीनदा घेतलं. संध्याकाळ झाली, भिकीनं जांभई दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना हसली. तशी ती दोन वर्षांत हसली नव्हती. मास्तरांनी घसा साफ केला आणि झबल्यांचं पुढचं माप किती घ्यावं यावर रंगूबाईला व्याख्यान दिलं. तिनं ते पूर्ण ऐकलं.

त्रेपन्नाव्या दिवशी दुपारी भिकी पिता पिता थांबली. ओठ निळे पडले. टांगा करून दवाखान्यात नेलं. चार वाजता ती गेली.

डॉक्टर तरुण होता. चांगला होता. त्यानं मास्तरांना खुर्ची दिली आणि समजेल अशा भाषेत सांगितलं. बाळाच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. पोटात असतानाच होतं. आधीच्या दोघांनाही तसलंच काही असावं. “तुमच्यापैकी कुणाचीही चूक नाही,” तो म्हणाला. “तुम्ही काहीही केलं असतं तरी हे असंच झालं असतं.”

शिकलेल्या माणसाचं बोलणं ऐकायची मास्तरांना फार आवड. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला, दोनदा मान हलवली आणि विचारलं, “भोक कुठल्या बाजूला, साहेब?”

डॉक्टरनं आपल्या छातीवर डाव्या बाजूला बोट ठेवलं. “हृदय इथंच असतं ना,” तो म्हणाला.

“व्हय,” मास्तर म्हणाले. “तिथंच.”

मातीला मानसिंगराव आले. त्यांनी खड्ड्यात पहिली मूठ टाकली, आणि त्यावरनं त्यांच्या भावकीत आठ दिवस कुजबुज झाली. बायडाबाई रंगूबाईला धरून बसली होती. पोरीच्या अंगातलं झबलं काढायचं का, असं कुणीतरी विचारलं. अंजना म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.” मास्तरांनी पोरीला स्वतःच्या हातांनी खाली ठेवलं. माती पडायच्या आधी त्यांना डाव्या बाजूचा तो खाकी चौकोन दिसला. टाके अगदी पक्के होते.

पुढचे दोन दिवस मास्तरांनी स्वतःला व्याख्यानं दिली. शालूबाईकडनं चिंधी मागून आणली असती, तर हृदयाचं भोक बुजलं असतं का? नसतं. उत्तर बरोबर होतं. दिवसातनं शंभर वेळा त्यांनी तो प्रश्न घातला आणि शंभर वेळा उत्तर बरोबर आलं, तरी गणित काही सुटेना. सहा घरं मागितली याची लाज वाटायची, आणि ती पुरती वाटून व्हायच्या आत सातवं मागितलं नाही याची वाटू लागायची. दोन्हीकडनं त्यांचा पराभव झाला होता. पलटणीत असा प्रसंग कधी आला नव्हता. तिथं निदान शत्रू एका बाजूला असायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई आटपाडीहून आलेल्या धनाजीला घेऊन मोगऱ्याची फुलं शोधायला बाहेर पडली. अंजनाला दूध भरून येत होतं. ते आटावं म्हणून छातीला मोगरा बांधतात. घरात अंजना आणि मास्तर दोघंच राहिले. ती भिंतीला टेकून बसली होती. मास्तर उंबऱ्यावर बसले. त्यांनी घसा साफ केला.

“अंजना, मला तुला एक सांगायचंय. तू मला काय बी म्हण. पण आईक.”

तिनं मान वळवली.

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. इतकी वर्षं घशात बसलेलं सगळं बाहेर आलं. बाप सांगितला, मढ्यावरचं लुगडं सांगितलं, बंडी सांगितली. आईची टोपली सांगितली. मनातल्या मनात घेतलेली तेविसावी प्रतिज्ञा सांगितली, जी त्यांनी रंगूबाईलाही कधी सांगितली नव्हती. सहाव्या घरी म्हातारीनं वरनं टाकलेली पट्टी सांगितली, आणि आपण वाकलो ते सांगितलं.

“मग सातव्या घराला माझं पाय उचललं न्हाईत, पोरी. शालूबाई दारात हुती. हाक मारत हुती. मी माघारी आलो. ती खाकी माझ्या शर्टाची हुती. मी कुणाला मागितली न्हाई. तुझ्या आईला फसवलं, तुला फसवलं. लेकराच्या काळजावर मी माझा हट्ट शिवला.”

बाहेर कल्हईवाला ओरडत गेला. त्याचा आवाज उताराखाली विरत गेला.

“ठावं हाय मला,” अंजना म्हणाली.

“काय ठावं हाय?”

“खाकी ओळखली हुती मी. पहिल्याच दिवशी. ल्हानपणी तुमी सुट्टीला आला की त्याच शर्टावर निजायची मी.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी सहा घरं फिरला, आण्णा. तुमी. सातव्याला काय बोलायचं?”

आता तिनं रडावं, नाहीतर शिव्या द्याव्यात, नाहीतर निदान माफ केलं असं तरी म्हणावं, म्हणून मास्तर वाट बघत राहिले. अंजना जागची जरा हलली. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, भिंतीचा आधार घेत ती सरळ बसली.

“आण्णा,” ती म्हणाली, “एवढी माझी चोळी काखेत उसवून द्या. लय दाटतीय.”